मंगल कार्यालयाचं पॅनल आणि टेस्टरची निवड : प्रकल्प नोंदी (इंदूर, मार्च-एप्रिल 2025)

6 मार्च

कालच्या रिसेप्शनमध्ये दिसलं ते आधी लिहून ठेवतो. स्वयंपाकघरात कॉफीचं मशीन आणि मोठा मिक्सर एकदम सुरू झाले की स्टेजवरचे हॅलोजन मंद व्हायला हवेत. ते उलट किंचित उजळत होते. मिक्सर थांबला की पुन्हा पहिल्यासारखे. स्वयंपाकघर तीन फेजपैकी लाल फेजवर आहे, स्टेज पिवळ्या. एका फेजवर भार वाढला आणि दुसऱ्यावरचं व्होल्टेज चढलं, तर संशय न्यूट्रलवर, म्हणजे तिन्ही फेजच्या सामायिक परतीच्या तारेवर घ्यायचा, हे कोणताही मुरलेला वायरमन सांगेल. मामांनी ते नुसतं वर बघून सांगितलं. किती चढलं ते मात्र सांगता येईना, कारण मोजायला हातात धड काही नव्हतं.

मामा म्हणजे आमच्या कार्यालयाचे इलेक्ट्रिशियन. रामबागेतल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्यांच्या हातचं आहे. त्यांच्या पिशवीत तीन वस्तू: निऑनचा टेस्टर, टेस्ट लॅम्प आणि एक स्वस्तातला डिजिटल मल्टीमीटर, ज्याच्या लाल वायरीला मधोमध काळी टेप गुंडाळलेली. टेस्ट लॅम्पमध्ये दोन बल्ब सीरिजमध्ये आहेत, म्हणजे चुकून दोन फेजमध्ये लागला तरी 400 व्होल्टना एकटा बल्ब फुटायला नको. ही जुनी आणि शहाणी पद्धत आहे.

निऑन टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो. 230 आहे की 130, ते त्याला कळत नाही. आणि सॉकेटचा न्यूट्रल तुटला असेल आणि त्याच लाइनवर एखादा दिवा किंवा पंखा चालू असेल, तर फेज त्यातून फिरून न्यूट्रलच्या भोकात येतो आणि टेस्टर दोन्हीकडे पेटतो. काल हात धुण्याच्या जागेजवळच्या सॉकेटवर हेच झालं. केटरिंगच्या पोराने लगेच जाहीर केलं, "दोन्हीत करंट आहे!"

14 मार्चपासून 13 एप्रिलपर्यंत खरमास. इकडे त्या महिन्यात लग्नं होत नाहीत, कार्यालय रिकामं. पॅनलचं काम त्यात उरकायचं आणि त्याआधी मोजमापासाठी एक धड उपकरण घ्यायचं, असं ठरलं. हिशेब सांभाळणाऱ्या काकांची अट एकच: "एकच घ्यायचं, आणि तेच का, ते मला लिहून द्यायचं." म्हणून या नोंदी.

8 मार्च

मेन बंद करून पॅनल उघडलं. आज दुरुस्ती नाही, फक्त मापं. टेप आणि व्हर्नियर घेऊन बसलो तेव्हा मामा हसले. पण दुकानात जाण्याआधी आपल्या पॅनलमध्ये काय शिरू शकतं ते माहीत हवं.

बिजली कंपनीच्या मीटरपासून आत येणारी केबल साडेतीन कोरची, ॲल्युमिनियम, आर्मर्ड, 35 चौरस मिमी. साडेतीन कोर म्हणजे तीन फेज पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रल निम्म्याच्या आसपास. 35ला 16 चौरस मिमी. बल्ब, पंखे आणि मोटारी एवढाच भार असायचा तेव्हाचा हा हिशेब आहे. तिन्ही फेज साधारण सारखे ठेवले तर न्यूट्रलमधून परत जायला फारसं उरत नाही, मग जाड तार कशाला? गेल्या काही वर्षांत, स्टेजचे हॅलोजन सोडले तर, आमचा हॉल पुरता एलईडीवर गेला. केबल तीच राहिली. हा मुद्दा पुढे येणार आहे.

इन्सुलेशनसकट फेजची एक तार व्हर्नियरमध्ये 10 मिमीच्या आसपास भरते. पुढे एमसीबींच्या, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या रांगा. एका पोलची रुंदी 18 मिमी, त्यातून निघणाऱ्या तारा 2.5 आणि 4 चौरस मिमीच्या, आणि त्या सगळ्या झाडूसारख्या एकत्र बांधून डाव्या कोपऱ्यात कोंबलेल्या. एका तारेभोवती मागून बोट घालायचं तर आधी टाय कापावा लागतो.

तारेला वेढून प्रवाह मोजणाऱ्या नेहमीच्या क्लॅम्प मीटरचा म्हणजे टाँग टेस्टरचा जबडा बंद व्हायला तारेच्या मागे जागा लागते. इनकमरवर, म्हणजे आत येणाऱ्या मुख्य केबलवर ती आहे. एमसीबींच्या रांगेत नाही. तिथे पुढून ढकलता येईल असा उघड्या तोंडाचा फोर्कच जाईल, तोही पातळ टोकांचा.

11 मार्च

आजचा दिवस मोलाचा. पीथमपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात असलेला मित्र त्याचा ट्रू आरएमएस क्लॅम्प घेऊन आला. मामांनी शेजारच्या रिवाइंडिंगवाल्याकडून साधा, सरासरीवर चालणारा क्लॅम्प मागून आणला. दोन्ही एकाच तारेवर लावून बघायचं ठरलं.

आधी गीझर. दोघांचाही आकडा 8.6 अँपियर. मामा म्हणाले, "मग महाग कशाला घ्यायचा?"

मग मांडवातल्या एलईडी माळांचा गठ्ठा एका एमसीबीवर लावला. मित्राचा क्लॅम्प 3.0, साधा 2.1. तार तीच, क्षण तोच. मामांनी क्लॅम्प उलटसुलट लावून पाहिले, दोघांच्या जागा बदलल्या, आकडे तेच.

कारण असं. साधा मीटर येणाऱ्या प्रवाहाची सरासरी काढतो आणि तिला 1.11ने गुणून दाखवतो. प्रवाहाची लाट शुद्ध साइन असेल तर हे उत्तर बरोबर येतं. गीझर, इस्त्री, जुना बल्ब यांची लाट तशी असते. एलईडीचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, टीव्ही हे मात्र व्होल्टेज माथ्यावर असतानाच पटकन घोट घेतात आणि उरलेला वेळ गप्प बसतात. अशा टोकदार लाटेत सरासरी लहान निघते. पण तार तापते ती लाटेच्या वर्गाच्या हिशेबाने, सरासरीच्या नाही, आणि ट्रू आरएमएस मीटर याच हिशेबाने मोजतो. म्हणजे साधा मीटर दाखवतो त्यापेक्षा तार जास्त सोसत असते. कार्यालयासारख्या ठिकाणी, जिथे आता दिव्यांचा जवळजवळ सगळा भार याच जातीचा आहे, हा फरक सोडून देण्यासारखा नाही.

यानंतर सगळा भार चालू केला. कूलर, हॉलचे दिवे, गोदामातल्या माळा, डीप फ्रीझर, पंप, मिक्सर. ट्रू आरएमएस क्लॅम्पवर लाल 38, पिवळा 12, निळा 21. वाटणी किती वाकडी आहे ते दिसलंच. स्वयंपाकघरात दरवर्षी काहीतरी वाढत गेलं आणि ते प्रत्येक वेळी जवळच्या एमसीबीवर, म्हणजे लालवर चढत गेलं.

आता न्यूट्रल. फक्त असमतोलाचा हिशेब केला तर, म्हणजे तिन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज, त्यातून दोन-दोन आकड्यांचे गुणाकार वजा आणि उरलेल्याचं वर्गमूळ, 23 अँपियर यायला हवेत. साध्या क्लॅम्पवर 25 आले. मित्राच्या क्लॅम्पवर 29.

हे वरचे अँपियर तिसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे मूळ 50 हर्ट्झच्या तिप्पट वेगाच्या लाटेचे. 50 हर्ट्झचा प्रवाह तिन्ही फेजवर सारखा असेल तर न्यूट्रलमध्ये एकमेकांना खातो. एलईडीच्या टोकदार घोटांमध्ये जो 150 हर्ट्झचा अंश असतो तो एकमेकांना खात नाही, तिन्ही फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये जमा होतो. साडेतीन कोरमधल्या त्या अर्ध्या कोरला हा पाहुणा कुणी सांगितलाच नव्हता.

व्होल्टेज: लाल 224, पिवळा 235, निळा 231. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये 6 व्होल्ट. मेन बंद केल्यावर न्यूट्रलचं टोक पाहिलं. ॲल्युमिनियमच्या तारेचा लग, म्हणजे टोकाला बसवलेली धातूची कडी, पितळी पट्टीवर थेट आवळलेला, मध्ये दोन धातूंचा सांधा साधणारं बायमेटल काही नाही. लगच्या मागचं काळं इन्सुलेशन दोन इंचभर तपकिरी आणि कडक झालेलं. नखाने दाबलं तर कपची निघाली. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, पेच ढिला होतो, जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. स्टेजचे हॅलोजन उजळायचे ते इथून.

टेस्टरसाठी आजचा निष्कर्ष: ट्रू आरएमएस नसेल तर पुढचं काही पाहायचंच नाही.

15 मार्च

धुळवड आटोपली. आज कागदी अभ्यास, म्हणजे उपकरणांवर छापलेली CAT ही अक्षरं.

आयईसी 61010 या मानकात मोजमापाच्या उपकरणांचे वर्ग आहेत. सॉकेटला लावायच्या वस्तूंसाठी कॅट II, इमारतीच्या पक्क्या वायरिंगसाठी आणि डिस्ट्रिब्यूशन पॅनलसाठी कॅट III, बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी आणि मीटरच्या अलीकडे-पलीकडे कॅट IV. काका म्हणाले, "1000 व्होल्ट लिहिलंय ते 600 पेक्षा चांगलंच ना?" दिसतं तसं नाही. कॅट II 1000 व्होल्ट आणि कॅट III 600 व्होल्ट या दोघांचीही चाचणी 6000 व्होल्टच्या क्षणिक झटक्याची असते. पण कॅट II मध्ये तो झटका 12 ओहमच्या स्रोतातून येतो असं धरतात आणि कॅट III मध्ये 2 ओहमच्या. म्हणजे एकात फार तर 500 अँपियर, दुसऱ्यात 3000. मीटरच्या आत ठिणगी पडली तर ती विझणार की हातात फुटणार, हे या फरकावर ठरतं. ट्रान्सफॉर्मर जितका जवळ तितका मागे जोर जास्त. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ट्रान्सफॉर्मर आहे.

आमचं काम पॅनलमध्ये, म्हणून निदान कॅट III 600. गच्चीवर सोलर बसवायचा विषय समितीत चालू आहे. हल्लीची मोठी पॅनलं एकेक 49-50 व्होल्टची, अशी बारा सीरिजमध्ये लागली की सहाशेच्या दारात डीसी जाऊन बसते, आणि थंडीच्या सकाळी त्याहून वर. तेव्हा 1000चा असलेला बरा.

दुसरी गोष्ट मला वर्गापेक्षाही महत्त्वाची वाटते. मल्टीमीटरला अँपियर मोजायचं वेगळं भोक असतं, 10 अँपियर लिहिलेलं. लाल वायर त्यात असताना मीटर म्हणजे जवळजवळ कोरी तार. कुणी प्रवाह मोजला, वायर तिथेच राहिली, आणि दुसऱ्याने व्होल्टेज बघायला टोकं फेज-न्यूट्रलवर टेकवली की सरळ शॉर्ट. चांगल्या मीटरमध्ये त्या वाटेवर वाळू भरलेला सिरॅमिकचा एचआरसी फ्यूज असतो, 1000 व्होल्टला तोडणारा. मामांच्या पिवळ्या मीटरवर त्या भोकाशी "अनफ्यूज्ड" असं स्वच्छ छापलेलं आहे. छापणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक, पण पॅनलसमोर तो मीटर नको.

क्लॅम्प आणि फोर्क या दोघांत हे भोकच नसतं. प्रवाह बाहेरून चुंबकीय क्षेत्रावरून मोजला जातो. मामा, त्यांचा पोरगा, मी, जनरेटरवाला, सगळ्यांनी हाताळायचं उपकरण असेल तर चुकीची वायर चुकीच्या भोकात जाण्याची सोयच त्यात नको. काकांना हे लगेच पटलं. व्होल्ट-अँपियरपेक्षा माणसं त्यांना चांगली कळतात.

19 मार्च

रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बाजार बंद. मामा सकाळी येऊन गेले, कानापर्यंत हिरवे. काम नाही.

21 मार्च

महाराणी रोड. दुकानदाराने विचारण्याआधीच एक साधा क्लॅम्प पुढे सरकवला: "भिया, सब यही ले जाते हैं." मी ट्रू आरएमएस म्हणताच त्याने खालच्या खणातून दुसरा काढला, म्हणजे माल होता.

पाहिलं ते थोडक्यात. पेनासारखा नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर: इन्सुलेशनवरून फेज आहे का सांगतो, आकडा नाही, आणि आर्मर्ड केबलवर आंधळा. खिशात असावा, भरवसा ठेवू नये. दोन टोकांचा, एलईडीच्या पायऱ्या असलेला व्होल्टेज टेस्टर: याचं मानक वेगळं, आयईसी 61243-3, आणि वायर मेली आहे की नाही हे ठरवायला याच्याइतका सरळ साथीदार नाही, पण अँपियर शून्य. साधे मल्टीमीटर वर सांगितलेल्या कारणाने बाद. नाशिकच्या मोटवानेचे आणि मेकोचे क्लॅम्प हातात घेऊन पाहिले. पकड चांगली, आकडे मोठे.

मग फोर्क. फ्लूकचे टी5 आणि टी6 शेजारी शेजारी ठेवले. टी5चं तोंड 12.9 मिमी, प्रवाह 100 अँपियर एसीपर्यंत. टी6चं तोंड 17.8 मिमी, 200 अँपियरपर्यंत, आणि त्याची खरी करामत म्हणजे टोकं उघड्या धातूला न लावता, नुसती तार फोर्कमध्ये घेतली की व्होल्टेजचाही आकडा देतो. किंमत पाच आकडी. आमच्या 10 मिमीच्या इनकमरला टी5 पुरतो. मात्र पुढेमागे केबल जाड झाली तर 12.9 काठावर येईल.

मामांनी डाव्या हातात टॉर्च धरून उजव्या हाताने फोर्क चालवून पाहिला. त्यांचं पॅनलसमोरचं आयुष्य असंच गेलं आहे, त्यामुळे ही परीक्षा कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा वरची. क्लॅम्पचा खटका अंगठ्याने दाबून जबडा उघडायचा, तार आत घ्यायची, सोडायचा; फोर्कला हे काही नाही. दुकानदार म्हणाला, "घर ले जाओ, लगा के देखो," पण अनामत एवढी मागितली की काकांना फोन केला नाही तेच बरं झालं.

24 मार्च

बागेकडे जाणारी एक जुनी तार आहे, दोन्ही टोकांना सुटी. पिवळ्या मल्टीमीटरवर तिच्यात 87 व्होल्ट. टेस्ट लॅम्प लावला तर बल्बची तारसुद्धा लाल होत नाही. मामांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

बल्ब खरा बोलत होता. डिजिटल मीटर आत साधारण 10 मेगाओहमचा असतो, म्हणजे तो जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. सुटी तार चालू तारेला लागून वीस-तीस मीटर धावली की दोघींमध्ये कपॅसिटर तयार होतो आणि त्यातून आलेला नाममात्र अंश मीटरला व्होल्टेज म्हणून दिसतो. बल्बने तो ओढला की संपतो. यालाच वायरमन लोक भुताचं व्होल्टेज म्हणतात. यावर उपाय म्हणून काही मीटरमध्ये लो-झेड नावाची जागा असते. तिथे मीटर मुद्दाम काही किलोओहमचा होतो आणि असा अंश गिळून टाकतो.

उलटी चूक जास्त महाग. 87 व्होल्ट बघून "भूतच असेल" म्हणून हात घातला आणि ती ढिल्या जोडातून आलेली खरी लाइन निघाली तर? म्हणून लो-झेड नसेल तर टेस्ट लॅम्प पिशवीतून काढायचा नाही. हे मामांना सांगायची गरज नव्हती, काकांसाठी लिहून ठेवतो.

27 मार्च

मित्राने कारखान्यातला रुंद तोंडाचा फोर्क टेस्टर दोन तासांसाठी आणला. पॅनलवर चालवून पाहिला.

एमसीबींच्या रांगेत तो जिथे हवा तिथे गेला. टाय कापावा लागला नाही. तार फोर्कच्या तळापर्यंत, दोन खुणांच्या मध्ये बसली पाहिजे. तोंडाशीच राहिली तर आकडा घसरतो. शेजारच्या तारेत जास्त प्रवाह असेल तर तिचं क्षेत्रही उघड्या तोंडात थोडं शिरतं. क्लॅम्पचा जबडा पूर्ण बंद होतो म्हणून हा त्रास तिथे कमी. गीझरच्या तारेवर क्लॅम्प 8.6, फोर्क 8.7, कोंबलेल्या कोपऱ्यात जरा जास्त फरक. आमच्या कामाला चालेल.

फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र फोर्कमध्ये घेतले तर शून्य. एकातून जाणारं आणि दुसऱ्यातून येणारं क्षेत्र एकमेकांना मारतं. मिक्सरच्या दोरीवरून थेट प्रवाह मोजता येत नाही तो यामुळेच. मामांच्या पोराला हे पहिल्यांदा कळलं. त्याने मग मिक्सरसाठी एक जुनं एक्स्टेन्शन सोलून फेजची तार बाहेर काढलेली दोरीच बनवली. हुशार आहे.

आता व्होल्टेज, टोकं न लावता. मी फरशीवर उभा राहून 231 वाचला. मामा नेहमीप्रमाणे प्लायवूडच्या स्टुलावर चढले, हातात रबरी मोजे, आणि आकडा डगमगायला लागला. हे तंत्र तारेच्या विद्युत क्षेत्रावर चालतं आणि त्याला संदर्भ म्हणून जमीन लागते. ती वाट मोजणाऱ्याच्या हातातून आणि पायातून जाते. स्टूल आणि मोजे ती वाट अडवतात. काळी वायर अर्थिंगच्या पट्टीला लावली की आकडा स्थिर झाला. शिवाय हे व्होल्टेज फेज आणि अर्थिंगमधलं असतं. दोन फेजमधलं हवं असेल तर दोन्ही टोकं लावावीच लागतात. न्यूट्रल ढिला आहे का हेही त्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थिंग टोकांनीच मोजायचं.

मोजे काढायचे का, या प्रश्नावर मामा आणि मित्र यांची जुंपली. नियम ठरला: मोजे काढायचे नाहीत, काळी वायर लावायची.

29 मार्च

ठरलं. रुंद तोंडाचा, 1000 व्होल्टचा, ट्रू आरएमएस फोर्क टेस्टर. काकांना दिलेल्या कागदातली कारणं अशी होती: आमच्या पॅनलमध्ये तो शिरतो, एलईडीचा प्रवाह खरा दाखवतो, अँपियरचं भोक नाही, एका हाताने चालतो, आणि केबल बदलली तरी तोंड पुरतं.

काय मिळत नाही तेही लिहिलं. डीसी प्रवाह नाही. त्यासाठी हॉल इफेक्ट सेन्सरचा, म्हणजे स्थिर चुंबकीय क्षेत्रही ओळखणारा क्लॅम्प लागतो, कारण डीसीचं क्षेत्र बदलत नाही आणि ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालणाऱ्या जबड्याला ते दिसतच नाही. सोलर बसेल तेव्हा बसवणारे आपला क्लॅम्प घेऊन येतील, मग आपण विचार करू. मोटर सुरू होतानाचा क्षणिक उसळता प्रवाह पकडणारी सोय नाही. आमचा एकच पंप, चालेल. आणि मिलिअँपियरची गळती यात दिसत नाही.

काका कागद वाचून म्हणाले, "एवढ्या पैशांत साधे क्लॅम्प तीन येतील." मामांनी उत्तर दिलं: "तीन आणले तरी त्या कोपऱ्यात एकही जात नाही, काका."

उद्या पाडवा, पण रविवार, महाराणी रोड बंद. आजच पैसे भरून खोकं आणलं. उघडायचं उद्या, असं काकांचं म्हणणं. हळद-कुंकू वाहताना टोकांच्या टोप्या काढू नका एवढं मी सांगून ठेवलं आहे.

5 एप्रिल

पॅनलचं काम. मेन बंद, फ्यूज काढून मामांच्या खिशात, दारावर पाटी. मेलेली लाइन तपासायची पद्धत ठरवून घेतली: आधी टेस्टर चालू सॉकेटवर बघायचा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टरच मेला तर शून्य दिसतं आणि माणूस फसतो. मामांचा पोरगा तिसरी पायरी टाळू पाहत होता. मामांनी एका शब्दात थांबवला.

न्यूट्रलचं जळकं टोक कापलं, बायमेटल लग क्रिम्प केला, पट्टी घासून साफ केली. डीप फ्रीझर आणि पंप पिवळ्यावर नेले, कॉफीचं मशीन निळ्यावर. कोपऱ्यातला गठ्ठा सोडून तारा डक्टमधून नेल्या.

11 एप्रिल

पुन्हा तोच सगळा भार चालू करून नव्या टेस्टरने मोजलं. लाल 24, पिवळा 23, निळा 24. न्यूट्रल-अर्थिंग 2 व्होल्टच्या आत.

न्यूट्रल 18.

मामांनी फोर्क काढून पुन्हा लावला. फेज इतके सारखे असताना जुन्या हिशेबाने तिथे अँपियरभर यायला हवा होता. म्हणजे हे अठराच्या अठरा जवळजवळ सगळे 150 हर्ट्झचे, आणि वाटणी कितीही सरळ केली तरी जाणार नाहीत. 16 चौरस मिमीच्या तारेला आज ते जड नाहीत. पण लग्नात मांडववाले आपल्या एलईडी भिंती घेऊन येतात, ते यात धरलेले नाहीत. इनकमरची केबल बदलायची वेळ येईल तेव्हा साडेतीन नको, पूर्ण चार कोरची घ्यायची, असं समितीच्या वहीत लिहून सही घेतली. तोपर्यंत प्रत्येक मोठ्या कार्याच्या रात्री न्यूट्रलचा आकडा पॅनलच्या दारावरच्या तक्त्यात भरायचा. हे काम मामांच्या पोराकडे.

उरलेलं: हात धुण्याच्या जागेचा तुटलेला न्यूट्रल जोडला. स्वयंपाकघराचा 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, अधूनमधून उडतो, त्याला गळती मोजणारा क्लॅम्प लागेल. मित्राकडे आहे, 16 तारखेला आणतो म्हणाला. टेस्टरच्या वायरींचा एक जादा जोड मागवायचा आहे. पिवळा मल्टीमीटर मामांनी घरी नेला, पेन्सिल सेल तपासायला.